गादी, रस्सा आणि आतली कडी

आमच्या चाळीत चार बिऱ्हाडं होती आणि संडास एक. त्याच्या दाराची आतली कडी आम्ही राहायला जाण्याआधीच कधीतरी निखळली होती. ती कुणी बसवायची यावर चार घरांचं एकमत होत नव्हतं. त्यामुळे आत माणूस आहे हे बाहेर कळावं म्हणून खोकायची रीत पडली होती. बाहेर पावलं वाजली की आतून खोकायचं. एखादा पाहुणा मुक्कामाला आला तर त्याला वाटे, इथं काहीतरी साथ आलेली दिसते.

लग्नानंतर दुसऱ्या दिवशी मी बायकोला ही रीत समजावून सांगितली. ती कागलकडची, शेतकऱ्याची मुलगी. माझ्याकडे बघत राहिली.

"आन् खोकला न्हाय आला तर?"

"आणायचा."

"आमच्याकडं नुसतं रान हुतं," ती म्हणाली, "पर खोकायला कुणी लावत नव्हतं."

तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. तिच्याविषयी चार पानं लिहावीत म्हणून बसलो आणि सुरुवात ही अशी झाली. खोडणार होतो. पण तिनं खोडू दिली नसती.

मी एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. पगार असा होता की तो किती, हे लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी मोघम सांगितलं होतं. तरी अकरा वर्षं आम्ही त्यातून काढून काढून कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत टाकत गेलो. शहर संपतं तिथून पुढं, गगनबावड्याच्या रस्त्याला, एका शेतकऱ्यानं प्लॉट पाडले होते. त्यातला दीड गुंठ्याचा एक आम्ही ठरवला आणि दसऱ्याला इसार दिला. राहिलेली रक्कम गुढीपाडव्याला द्यायची होती. तिच्या डोक्यात घर म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. खोल्या किती, ओटा कुठं, हे ती मला विचारायची. संडास कुठं हे तिनं कधी विचारलं नाही, ते तिनं स्वतः ठरवलं होतं. ईशान्येला का नैर्ऋत्येला यावर मी वाचनालयातलं वास्तूचं पुस्तक आणून दाखवलं, तेव्हा म्हणाली, "कुठल्याबी दिशेला घाला, कडी आतनं पायजे."

दसरा आणि पाडवा यांच्या मध्ये पतसंस्था बुडाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि आमच्या भागात तेव्हा पतसंस्था बुडणं ही काही बातमी राहिली नव्हती. उद्घाटनाला पेढे वाटले होते, बुडाल्यावर चहा पाजत होते. अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून आत गेलो की व्यवस्थापक उठून नमस्कार करायचा, चहा मागवायचा आणि "पैसे कुठं जात नाहीत" असं सांगायचा. हे त्याचं म्हणणं खरं होतं. ते कुठं गेले हे त्यालाही सांगता येत नव्हतं. मी तीनदा चहा पिऊन आलो. चौथ्यांदा गेलो तेव्हा खातेदारांनी खुर्च्या, टेबलं, पंखेसुद्धा उचलून नेले होते आणि व्यवस्थापक सतरंजीवर बसला होता. मी नमस्कार करून परत आलो.

"भित्तीवर घड्याळ हुतं की मोठं," बायको म्हणाली. "ते तरी काढून आणायचं."

"तेही कुणीतरी नेलं होतं."

"तुमी पैल्या दिशी गेलासा तवा हुतं का?"

पहिल्या दिवशी ते होतं. मी त्यात वेळही बघितली होती.

प्लॉटचा मालक भला माणूस निघाला. आमची अडचण ऐकून म्हणाला, "पावणं, फुडल्या पाडव्यापातुर थांबतो. त्याच्या फुडं न्हाय जमायचं, माझ्याबी पोरीचं लगीन हाय." म्हणजे हातात एक वर्ष होतं, आणि त्या वर्षात अकरा वर्षांचे पैसे पुन्हा उभे करायचे होते. नाहीतर प्लॉट गेला, इसार गेला आणि खोकला कायमचा राहिला.

अशा वेळी माझा मेव्हणा टाय घालून आला.

तोवर तो कागलला स्पेअर पार्टच्या दुकानात होता. आता उन्हाळ्यात, गळ्यात लाल टाय अडकवून, घामानं निथळत दारात उभा राहिला. "दाजी," म्हणाला, "तुमची अडचण पैशाची न्हाय. विचारांची हाय."

"पतसंस्थेची आहे," मी म्हणालो.

"हेच. हाच नकारात्मक विचार."

त्यानं आम्हा दोघांना एका मंगल कार्यालयात नेलं. आत तीनशे-चारशे माणसं, व्यासपीठावर कोट घातलेले एक साहेब. ते विचारत, "श्रीमंत व्हायचंय का?" आणि लोक ओरडत, "व्हायचंय!" साहेबांना ते ऐकू येत नसे. ते कानाला हात लावून पुन्हा विचारत. चौथ्या वेळी माझ्या शेजारचा म्हातारा वैतागून म्हणाला, "ह्यास्नी आदी कानाचं औषिध द्या की कुणीतरी." मग प्रत्येकाला कागद वाटले. त्यावर आपलं स्वप्न लिहायचं आणि घरी फ्रिजवर चिकटवायचं. आमच्याकडे फ्रिज नव्हता हे मी मेव्हण्याच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, "मग पैलं स्वप्न फ्रिजच लिवा."

मी 'स्वतःचे घर' असं लिहिलं. साहेब खाली उतरून रांगांमधून फिरत होते, कागद उचलून मोठ्यानं वाचत होते. कुणी चारचाकी, कुणी सिंगापूर, एका मुलानं हेलिकॉप्टर लिहिलं होतं, त्याला टाळ्या पडल्या. बायकोचा कागद उचलला आणि साहेब थांबले. मनातल्या मनात वाचला.

"वहिनी," ते खाली वाकून म्हणाले, "स्वप्न मोठं बघायचं असतं."

"चार बिऱ्हाडांत एक हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "सकाळी सात वाजता या आन् रांगंत हुबं ऱ्हावा. मग सांगा न्हान हाय का मोटं."

मागच्या रांगेतल्या दोन-तीन बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी कागद घडी घालून तिला परत दिला.

विकायची वस्तू होती गादी. दोन बोटं जाडीची, निळ्या कापडाची, आत काळ्या चकत्या शिवलेल्या. त्या चकत्या म्हणजे चुंबक. तिच्यावर झोपलं की गुडघे, कंबर, साखर, रक्तदाब, निद्रानाश, एवढंच काय, सासूशी न पटणंही बरं होतं, असं मेव्हणा सांगे. आधी एक गादी स्वतः घ्यायची, मग दुसऱ्या दोघांना घ्यायला लावायची, त्यांनी आणखी दोघांना. मी कागदावर हा हिशेब पुढे करत गेलो तर काही पायऱ्यांनंतर कोल्हापूर जिल्हा संपला आणि मला कर्नाटकात शिरावं लागलं. हे मी मेव्हण्याला दाखवलं. त्यानं आनंदानं माझा हात हातात घेतला. "बगा! आता तुमाला दिसाय लागलं!"

मी शिकलेला माणूस. हिशेब मीच केला होता. तरीही चार महिन्यांच्या पगाराएवढे पैसे भविष्य निर्वाह निधीतून उचलून ती गादी मी घेतली. वाचनालयात तेव्हा श्रीमंत होण्याच्या पुस्तकांना फार मागणी होती. ती नेलेला माणूस परत करायला येत नसे आणि विलंबशुल्काची पत्रं पाठवून मीच कंटाळलो होतो. परत न येण्याचं कारण म्हणजे लोक श्रीमंत होऊन दुसऱ्या शहरात गेले असावेत, असं त्या दिवसांत मला खरोखर वाटू लागलं होतं. बुडालेल्या माणसाची बुद्धी आधी बुडते. बायको फक्त एवढंच म्हणाली, "चुंबकानं पैसं वडून येत असतील तर बगूया."

गादी विकायची पद्धत ठरलेली होती. रविवारी लोकांना घरी बोलवायचं, चुंबकाचा प्रयोग दाखवायचा, गादीवर थोडा वेळ झोपवायचं. आणि साहेबांची सक्त ताकीद होती की फक्त चहा-बिस्कीट द्यायचं. "जेवलेला माणूस स्वप्न बघत नाही," ते म्हणत, "तो नुसता झोपतो."

ही पद्धत साहेब कुठल्याशा दुसऱ्या शहरात शिकले असावेत. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी बायकोला बिस्किटाचे दोन पुडे आणून दिले. तिनं ते बाजूला ठेवले.

"किती मानसं?"

"सहा-सात. पण फक्त चहा."

"रव्वारचं घरी बोलवायचं आन् च्यावर घालवायचं? माज्या म्हायेरात कळलं तर दारात उभं करणार न्हाईत मला. मटन आना दीड किलो."

"अगं, नियम आहे तसा."

"नेम त्यांचा. दार आपलं हाय."

अशा रीतीनं आमचा व्यवसाय सुरू झाला. गल्लीतली, वाचनालयातली, तिच्या माहेरची माणसं दर रविवारी येऊ लागली. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी आणि भात. जेवण झालं की मेव्हणा टाय सावरून उठायचा आणि गादीवर टाचणी टाकून ती कशी चिकटते ते दाखवायचा. मग पाहुणे एकामागून एक गादीवर आडवे व्हायचे आणि घोरायचे. उठल्यावर सगळे एकच सांगायचे, "गादी झ्याक हाय! पडल्या पडल्या डोळा लागला." आणि मग, "पांढरा रस्सा तर वैनी, इचारूच नका." गादी कुणी घेत नसे. पुढच्या रविवारी मात्र न विसरता येत. दोन महिन्यांत आमची एकही गादी खपली नाही आणि मटणवाला मला दुरून हात करू लागला.

गल्लीच्या तोंडाशी तालीम होती. तिथले वस्ताद, सत्तरीचे, दोन्ही कान मोडलेले, गुडघे गेलेले. ते एकटेच असे होते की ज्यांना झोप खरोखर येत नव्हती, आणि गादी घेण्याची ऐपतही होती. मेव्हण्याचं त्यांच्यावर फार लक्ष होतं. एका रविवारी ते आले. टाचणी चिकटलेली बघून म्हणाले, "टाचनीला गुन हाय. गुडघ्याचं बोल." तरी जेवून गादीवर पडले आणि दोन तास असे झोपले की फळीवरची कपबशी थरथरत होती. मेव्हण्यानं पावतीपुस्तक काढून ठेवलं.

वस्ताद उठले, तोंड धुतलं, आणि मांडी घालून बसले.

"मास्तर," ते मला म्हणाले. चष्मा असलेल्या कुणालाही ते मास्तर म्हणत. "मला एक शंका आलीया. झोप लागली ती गादीनं का रस्स्यानं?"

"गादीनंच," मेव्हणा म्हणाला.

"तुला इचारलं न्हाय. तू टाय सोड जरा, नरडं आवळलंय तुजं."

शंका फेडायची त्यांनी एक रीत काढली. गुरुवारी, मटण नसलेल्या दिवशी, ते दुपारी पुन्हा आले आणि आमटी-भात खाऊन गादीवर पडले. दोन तास छताकडे बघत राहिले. उठून म्हणाले, "कौलं एकशे बारा हायती. तीन फुटल्यात." त्याच्या पुढच्या रविवारी आले, दोन्ही रस्से पोटभर प्याले, आणि गादी गुंडाळून बाजूला ठेवायला लावून नुसत्या फरशीवर घोंगडं टाकून आडवे झाले. साडेचारला त्यांना हलवून उठवावं लागलं.

"गादी चितपट," वस्ताद म्हणाले.

मला राहवलं नाही. शास्त्राची चार पुस्तकं मीही वाचली होती. म्हटलं, "वस्ताद, अजून एक प्रयोग राहिला. गादीही नाही आणि मटणही नाही, असा एकदा करायला हवा."

"ते रोज रातच्याला घरी करतोय की," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं. तालमीची भिशी होती. तीस माणसं दर आठवड्याला थोडे थोडे पैसे जमा करत आणि त्यातून महिन्यातून एकदा सगळे मिळून जेवत. आचारी भांडून निघून गेला होता. "वैनी," वस्ताद म्हणाले, "मटन आमी आनून टाकतो. चटनी तुमची, हात तुमचा. तीस ताटं. जमंल का?"

"मानशी किती देनार?" आतून आवाज आला.

माझे कान तापले. वस्ताद गेल्यावर मी तिला म्हणालो, "पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे? तूच तर दाराची रीत सांगत होतीस."

"पैसं देतोय तो पावना न्हाय," ती भांडी आवरत म्हणाली. "गिऱ्हाईक हाय. गिऱ्हाइकाला च्या बी पाजायचा न्हाय फुकट."

"अक्का," मेव्हणा हळहळला, "यश एका पावलावर आलतं, आन् तू मागं सरलीस."

"तू सर पलीकडं. मला पातेलं ठेवायचं हाय."

चाळीच्या मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. मांडववाल्याकडून मोठं पातेलं भाड्यानं आणलं. तालमीची भिशी जेवली, मग शेजारच्या गल्लीची, मग एका कारखान्यातल्या पाळीची, मग एका मित्रमंडळाची, ज्यांच्या दोन भिशा होत्या, एक जेवायची आणि एक पहिलीचा हिशेब करायला जमून जेवायची. या गावात माणसं भविष्यासाठी पैसे साठवतात ते कसे, हे मला तेव्हा नीट दिसलं. भविष्य महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतं आणि दुपारी दोनपर्यंत संपतं. आखाडात तर तिला पाठ टेकायला वेळ नसे, कारण श्रावण लागायच्या आत सगळ्या शहराला वर्षभराचं उरकून घ्यायचं असतं. श्रावणात चूल बंद. तेव्हा ती पाय पसरून बसायची आणि दंडावरचे पोळल्याचे डाग मोजायची.

या काळात मी काय केलं हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी वहीत नियोजन केलं. पुस्तकांत लिहिल्याप्रमाणे उद्दिष्टं, टप्पे, आत्मपरीक्षण, असे रकाने आखले. कपाटावर कॅलेंडरमधला एक बंगला कापून चिकटवला आणि रोज सकाळी त्याच्याकडे बघून पाच मिनिटं मन एकाग्र केलं. पुढं एके दिवशी बंगला दिसेना. ती त्याच्या पाठीवर बुधवारच्या ताटांची यादी करत होती.

"अगं, ते आपलं स्वप्न आहे."

"मागची बाजू कोरी हाय," ती म्हणाली. "कांदं चिरायला बसा."

मी कांदे चिरायला बसलो. संपत्ती उभी करण्यात माझा प्रत्यक्ष वाटा तेवढाच. मात्र कांदे मी चांगले चिरत असे, बारीक आणि एकसारखे, असं वस्ताद म्हणत.

पाडव्याच्या दोन दिवस आधी आम्ही मालकाच्या ओट्यावर पैसे ठेवले. नोटांना मसाल्याचा वास येत होता. त्यानं त्या मोजल्या, नाकाशी नेल्या आणि मुलीच्या लग्नाच्या जेवणाचं काम तिथल्या तिथं तिला सांगून टाकलं.

प्लॉट झाला, पण बांधायला काही उरलं नव्हतं. दोन-चार वर्षं थांबावं, मग एकदमच काम काढावं, असं माझ्या वहीचं मत होतं. तिनं गवंडी बोलावला.

"पैला संडास बांदा," ती म्हणाली.

गवंड्यानं माझ्याकडे बघितलं. "मालक, घर कुटं येनार?"

"ते मागनं येईल," तिनंच उत्तर दिलं.

अशा प्रकारे दीड गुंठा मोकळ्या जमिनीवर, चहूबाजूंनी गवत, आणि मधोमध चुना मारलेला, निळ्या दाराचा एकच संडास उभा राहिला. रस्त्यानं जाणारे एस.टी.तले लोक माना वळवून बघत. काहींना ते देऊळ वाटे. मेव्हणा बघायला आला आणि म्हणाला, "दाजी, लोक पाया घरचा घालत्यात." वस्ताद मात्र नारळ घेऊन आले. त्यांनी उंबऱ्यावर तो फोडला, आत जाऊन कडी लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली, आणि आतून ओरडले, "वैनी, पोलादी हाय! रानगवा बी हुगडनार न्हाय!"

पुढची दोन वर्षं, रविवारचं काम नसलं की ती मला सायकलवरून तिथं घेऊन जाई. मी गवतात पुस्तक घेऊन बसे. ती कुलूप काढून आत जाई, कडी लावी, आणि बराच वेळ बाहेर येत नसे. एकदा मी बाहेरून विचारलं, "बरं वाटत नाही का?" आतून आवाज आला, "बसलीया नुसती. रांग न्हाय न्हवं कुनाची?"

मग हळूहळू त्याच्या शेजारी दोन खोल्या आल्या, ओटा आला. भिशीची कामं वाढली, हाताखाली दोन बायका आल्या. मेव्हण्यानं गादी सोडून विमा धरला, विमा सोडून प्लॉट धरले, आणि आता तो स्वतः कोट घालून मंगल कार्यालयांतून बोलतो. त्याच्या बहिणीनं शून्यातून कसं उभं केलं, हे तो तिथं सांगतो. मी एकदा मागच्या रांगेत बसून ऐकलं. त्यात गादी नव्हती आणि संडासही नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नव्या घरात गेल्यावर माझी एक खोड काही जाईना. आत गेलो की पावलं वाजताच मी खोकायचो. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवो, कडी हाय न्हवं? मग कशाला खोकताय?" मी म्हणायचो, सवय आहे. ती म्हणायची, "चाळीस हजाराची कडी लावून दिली, तरी ह्यांचा खोकला जाईना." किंमत ती दरवर्षी वाढवायची.

शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी तिला पाठीला मऊ काहीतरी घालायला सांगितलं. माळ्यावरून निळी गादी काढली, तिचा धुळीचा वास जाईपर्यंत उन्हात टाकली. दोन दिवस तिच्यावर झोपून ती म्हणाली, "बरी हाय की. उगंच नावं ठिवली." मग थोड्या वेळानं, "वस्तादास्नी सांगू नका."

आता घरात मी एकटा आहे. निळं दार लावायची खरं म्हणजे गरज नाही, तरी आत गेलो की मी कडी लावतो. परवा अंगणात कुणाची तरी पावलं वाजली, पेपरवाला असेल, आणि मी खोकलो. खोकून झाल्यावर थांबलो. स्वयंपाकघराकडून काही ऐकू येतं का म्हणून बराच वेळ तसाच बसून राहिलो.